सात पूर्णांक चार मिलिमीटर

११ मार्च १९९५, शनिवार. देवपूर, धुळे.

नवी वही. उद्देश एकच, दातांच्या कामाची नोंद. भावना वगैरे लिहायच्या नाहीत.

वस्तुस्थिती अशी. माझे वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या बरेच पुढे आहेत. डॉक्टरांनी पट्टी लावली आणि म्हणाले, सात-साडेसात. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. माझ्यासमोर कोणी 'सात-साडेसात' म्हणालं तर मी रिपोर्ट परत पाठवते. घरी येऊन पॉलिटेक्निकपासूनचा स्वतःचा व्हर्नियर स्पिरिटने पुसला आणि आरशासमोर मोजलं. ७.४० मिमी.

डॉक्टर नाशिकचे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी देवपुरात एका मित्राच्या दवाखान्यात बसतात. जळगावात दातांचे डॉक्टर नाहीत असं नाही. पण जळगावात मी नोकरी करते.

इलाज: काढता-घालता येणारी प्लेट. टाळूला बसणारं अॅक्रिलिक, पुढच्या दातांवरून एक तार, मध्ये बारीक स्क्रू. स्क्रू दर आठवड्याला किल्लीने पाव फेरा फिरवायचा. जेवताना आणि दात घासताना प्लेट काढायची, एरवी सतत तोंडात. गुलाबी मिळते. मी पारदर्शक सांगितली. डॉक्टर म्हणाले, "टाळूवर कोण बघायला येतंय?" 

मुदत त्यांच्या मते दीड वर्ष. तो अंदाज बेशिस्त पेशंट धरून केलेला असणार. माझा अंदाज दहा महिने.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवणं सोयीचं. आमच्या मेंटेनन्सचे गिरधर महाजन यांनी बुधवारी विचारलं, घरची मंडळी देवपूरला पाठवली तर चालेल का. मी म्हणाले, कळवते. कळवीन. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही, इतका साधा नियम आहे. दातांचा आणि या प्रश्नाचा संबंध एवढाच की दोन्हींची मुदत एकाच वेळी येते.

८ एप्रिल, शनिवार. धुळे–जळगाव एसटीत.

प्लेट मिळाली. फिटिंग उत्तम. तोंडात दुसऱ्याच कोणाचा तरी टाळू असल्यासारखं वाटतं. लाळ खूप. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत सवय होते, मोठ्याने वाचत जा.

कंडक्टरला 'जळगाव' सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, मग खुणा करत विचारलं, "शेवटच्या स्टॉपपर्यंत?" सुट्टे हातावर ठेवले. त्याचे कान तपासायला हवेत.

निर्धार: रोज एक पान मोठ्याने वाचणे. पाइपचं स्पेसिफिकेशन वाचीन, म्हणजे तेही काम होईल.

१० एप्रिल, सोमवार.

प्लेट घालून कामावर. सुरुवात चांगली. मशीनच्या आवाजात कोणाला काही कळत नाही.

नंतर महाजन लाइन दोनच्या सँपलचं विचारायला टेबलाशी आले. 'सँपल पास' हे दोनच शब्द. पण दोन्हींत स. मी चिठ्ठीवर लिहून दिलं. ते चिठ्ठीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, घसा बसला का?" मी मान हलवली. हे खोटं नाही. मान कोणत्या दिशेने हलवली ते त्यांनी नीट पाहायला हवं होतं.

११ एप्रिल, मंगळवार.

टेबलावर कागदाच्या पुडीत ज्येष्ठमध. महाजनांनी ठेवलेला. रावेरहून आणला म्हणे, घरचा. फेकणं योग्य नव्हतं. चघळायला प्लेट काढावी लागली.

नवा नियम: प्लेट फक्त महाजन सेक्शनमध्ये असतानाच काढायची, बोलण्यात अडथळा नको म्हणून. बाकी पूर्ण वेळ तोंडात. अपवाद अगदी छोटा आहे.

१५ एप्रिल, शनिवार.

लाइन दोनचा गिअरबॉक्स उघडलाय. महाजन आठवडाभर सेक्शनमध्येच. नाइलाज.

७ मे, रविवार. जळगाव.

उकाड्याने डोकं चालत नाही. कारखान्यात पाइप काढणाऱ्या तापलेल्या एक्स्ट्रूडरजवळ तर उभंच राहवत नाही. अशा हवेत तोंडात अॅक्रिलिक ठेवणं शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारायचं. तोपर्यंत प्लेट डबीत.

पण स्क्रूचं वेळापत्रक चुकवलेलं नाही. दर रविवारी सकाळी आंघोळ झाल्यावर डबी उघडते, किल्ली घालते, पाव फेरा. प्लेट तोंडात असो वा नसो. शिस्त ती शिस्त. स्क्रूच्या हिशोबाने प्रगती अगदी वेळेवर आहे. दहा महिनेसुद्धा लागणार नाहीत असं दिसतं.

२ जून, शुक्रवार.

माझ्या घरमालकीण कमलबाई. मूळ पिंपळनेरच्या, बोलणं सगळं अहिराणी. मी सकाळी मोरीजवळ वाटीत प्लेट ठेवली होती. दूध तापवून परत आले तर वाटी पालथी आणि प्लेट त्यांच्या हातात. म्हणाल्या, "हाई काय शे वं? राखवरी घासी टाकं. देख कसं चमकस."

तार खरंच चमकत होती. अॅक्रिलिकवर चरे पडले. आता पारदर्शक म्हणण्यापेक्षा धुरकट म्हणावी लागेल. कमलबाईंना समजावलं की ही दातांची वस्तू आहे. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुना दात काय उसना लयेल शेतस का? हास ना मोकळी."

मी स्वभावानेच कमी हसते. त्याचा दातांशी संबंध नाही. शाळेपासून हसताना तोंडावर हात ठेवते, तीही सवय आहे. सवयीला कारण असलंच पाहिजे असं नाही.

१८ जून, रविवार.

आज प्लेट घालायला गेले तर बसेना. जोर लावून बसवली. डोळ्यांत पाणी आलं. हे प्रगतीचं लक्षण आहे. जबड्यात काहीतरी हलतंय नक्की.

मोजलं. ७.४०.

म्हणजे व्हर्नियरमध्ये एरर आहे. तो थर्ड इयरला वर्कशॉपमध्ये एकदा बाकावरून पडला होता. पडलेल्या उपकरणावर विश्वास ठेवू नये हे आम्हाला पहिल्या तासाला शिकवलं होतं.

८ जुलै, शनिवार. देवपूर.

संताप आला आहे. शांतपणे लिहिते.

डॉक्टरांनी प्लेट हातात घेतली, उजेडात धरली, स्क्रू पाहिला. विचारलं, नियमित घालता का? मी म्हणाले, वेळापत्रक एकदाही चुकलेलं नाही. मग त्यांनी किल्ली घेतली आणि स्क्रू मागे फिरवला. एक फेरा, दोन फेरे, सगळा. तीन महिन्यांचं काम माझ्या डोळ्यांसमोर उलटं केलं. वर म्हणतात, "स्क्रू फिरवून दात सरकत नाहीत हो. प्लेट तोंडात असताना फिरवून सरकतात."

आई बाहेर बाकावर बसली होती. वाटेत तिने विचारलं, काय म्हणाले? मी म्हणाले, पद्धतशीर काम करणारी माणसं राहिली नाहीत.

घराजवळ आल्यावर ती म्हणाली, "एवढं कशासाठी चाललंय ते तरी सांग." सांगितलं, आरोग्य.

२१ सप्टेंबर, गुरुवार. जळगाव.

आजवरचा सर्वांत यशस्वी दिवस.

गणपती दूध पितो अशी सकाळी बातमी आली आणि अर्धा कारखाना देवळाकडे. सुपरवायझर गेले, ऑपरेटर गेले, महाजनही गेले. पृष्ठताणाचा साधा नियम आहे. मी कोणाला सांगत बसले नाही. प्लेट घातली आणि रिकाम्या हॉलमध्ये दिवसभर ठेवली. डबे आणि पाइप सोडून कोणाशी बोलायचं नव्हतं. असे दिवस महिन्यातून चार-पाच मिळाले तर काम होईल.

महाजन संध्याकाळी परत आले. म्हणाले, "मॅडम, मी चमचा धरला तर प्यायला नाही. आमच्या आईनं धरला तर प्याला. देव माणूस बघून पितो." मला हसू आलं. हात वर गेला. प्लेट तोंडातच होती, म्हणून मी पाठ फिरवून गेज शोधू लागले.

मग त्यांनी हळू विचारलं, ते कळवायचं राहिलंय. मी प्लेट जिभेखाली घेण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. चिठ्ठीवर लिहिलं: तपासणी बाकी आहे. त्यांनी वाचलं. "मी काय पाइप आहे का?" असं म्हणाले, आणि चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. रागावलेले दिसले नाहीत.

त्यांना तपासणी त्यांची वाटली. गैरसमज मागाहून दूर करीन. जानेवारीत सगळं एकदमच सांगता येईल.

११ नोव्हेंबर, शनिवार. देवपूर.

डॉक्टर: "बाई, हे असंच चाललं तर दात जागचे हलणार नाहीत." मी: व्हर्नियर सदोष आहे, अचूक मापन होईपर्यंत निष्कर्ष काढू नये. डॉक्टरांनी नर्सकडे पाहिलं. नर्सने खिडकीबाहेर.

निर्धार: उद्यापासून पूर्ण वेळ. अपवाद नाही. महाजन समोर आले तरी नाही. फार तर लिहून बोलेन.

१३ नोव्हेंबर, सोमवार.

महाजन दिवसभर लाइन तीनवर. अपवाद करावा लागला.

१७ डिसेंबर, रविवार.

 क्रमाने लिहिते.

महाजनांनी मेंटेनन्स आणि क्वालिटीच्या सगळ्या स्टाफला रावेरजवळच्या त्यांच्या मळ्यात भरताला बोलावलं होतं. न जाणं वेगळं दिसलं असतं म्हणून गेले. जीपमध्ये पूर्ण वेळ प्लेट तोंडात, कारण महाजन पुढे मळ्यात होते. शिस्त उत्तम चालली होती.

केळीच्या बागेला लागून मोकळी जागा. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होती. त्यांची आई, बेबाबाई, लाकडी बडगीत ती ठेचत होत्या. मला पाहून उठल्या, माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हीच का ती मापं घेनारी?" महाजन काड्या सारायला गेले.

पंगत बसली. केळीची पानं, भरीत, पुऱ्या, कळण्याची भाकर. प्लेटची डबी पर्समध्ये नव्हती. जळगावला खोलीवर राहिली. बेबाबाई वाढायला माझ्यासमोरच उभ्या. खाली वाकून पदराने तोंड पुसल्यासारखं केलं, प्लेट काढली आणि पानाचं टोक दुमडून त्याखाली ठेवली. कोणाला दिसली नाही. ओल्या पानावर अॅक्रिलिक दिसतच नाही. पारदर्शक घेण्याचा निर्णय बरोबर होता.

भरीत चांगलं होतं. तिखट. "खाय ना वं, लाजू राह्यली काय?" असं म्हणत त्यांनी तीनदा वाढलं.

जेवण झाल्यावर मी पान उचलायला गेले. उद्देश स्वच्छ होता. बेबाबाईंनी मनगटच धरलं. "पाहुन्यानं पान उचलायचं नसते. आमच्या घरी तशी रीत नाही." मी म्हणाले, राहू द्या, मी उचलते. त्या म्हणाल्या, "बस, हात धू." तेवढ्यात मळ्यात कामाला असलेल्या धनीबाईंनी रांगेतली सगळी पानं एकावर एक घातली आणि बागेच्या कडेला बांधलेल्या म्हशीपुढे टाकली.

मी उभीच राहिले. म्हैस खाऊ लागली.

त्या वेळी बोलता आलं असतं. तोंडात प्लेट नव्हती, बोलायला कसलीच अडचण नव्हती.

बेबाबाई म्हणाल्या, "काय हारपलं वं पोरी?" सगळे पाहू लागले. महाजनही. माझा हात कानाकडे गेला आणि मी म्हणाले, कानातलं.

मग केळीच्या मागे जाऊन डाव्या कानातला टॉप काढला आणि पर्सच्या तळाशी टाकला. साडीचा पदर कानावरून होता, त्यामुळे आधी कोणाला दिसला नसणार.

पुढचा दीड तास सगळा स्टाफ बांधावर वाकून शोधत होता. सुपरवायझरांची पँट चिखलाने भरली. बेबाबाई म्हणत होत्या, "आमच्या मळ्यात आजवर कोनाची सुई नाही हारपली." आणि धनीबाईंनी, कोणी काही म्हणालं नसताना, कमरेची पिशवी सोडून सगळ्यांसमोर जमिनीवर रिकामी केली. तंबाखूची डबी, चुन्याची पुडी, मुलीच्या लाल रिबिनीचा तुकडा.

मी म्हणाले, नका, वाटेतही पडलं असेल. हे मी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

१९ डिसेंबर, मंगळवार.

महाजन रोज बातमी आणतात. सोमवार: म्हशीखालचं शेण बाजूला काढलंय. मंगळवार: चाळणीने चाळतायत. त्यांचे आजोबा लोटननाना स्वतः खुर्ची टाकून बसलेत. "नाना म्हणतात, सोनं कुठं जात नाही, फक्त फिरून येतं."

त्यांची आई म्हणते, दुसरा टॉप नमुन्याला द्या, शोधणाऱ्यांना कळेल काय शोधायचं, असंही महाजन म्हणाले. दिला. नाही कसं म्हणणार.

या सगळ्यात दातांकडे दुर्लक्ष होतंय. प्लेटशिवाय तोंड मोकळं वाटतं, त्यामुळे महाजनांशी बोलणं मात्र खूप होतं. शेणाबद्दल.

२६ डिसेंबर, मंगळवार.

हे थांबवायलाच हवं होतं. मी स्पष्ट सांगितलं की टॉप सोन्याचा नव्हता, साधा होता, पॉलिश केलेला. शोध बंद करा. आणि धनीबाईंना सांगा की कोणी घेतलेला नाही.

 महाजन म्हणाले, "आईला सांगितलं तर ती म्हणेल, पोरगी मोठ्या मनाची आहे." दुपारी परत आले, म्हणाले, फोनवर सांगितलं. ती तसंच म्हणाली.

टॉप सोन्याचा आहे हे त्यांच्या हातात नमुना असल्याने त्यांना ठाऊक होतं, हे मला घरी आल्यावर सुचलं.

कमलबाईंना हकिकत अर्धीच सांगितली. त्या म्हणाल्या, "पोरगा चांगला शे. कितला दिन थांबाडशी? सांगी टाक ना बठ्ठं." मी म्हणाले, सोमवारी सगळं सांगते.

८ जानेवारी १९९६, सोमवार.

गेल्या सोमवारी राहिलं. आज सांगायचं होतं. त्याआधीच ते आले.

महाजनांनी नमुन्याचा टॉप परत आणला होता. आणि एका स्वच्छ धुतलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत प्लेट. तार एका बाजूला वाकलेली, कड चावलेली, तरी ओळखू येत होती. टेबलावर माझ्या गेजशेजारी ठेवली.

म्हणाले, गव्हाणीत सापडलं. म्हशीने थुंकलं असणार. आई म्हणते पंपाचा पार्ट, नाना म्हणतात दातांचं. "तुम्ही क्वालिटीच्या. तुमचं मत काय?"

मी व्हर्नियर घेतला. तारेची जाडी मोजली, ०.७०. स्क्रू पाहिला. मोठ्याने सांगितलं: मटेरियल अॅक्रिलिक, पारदर्शक, पृष्ठभागावर राखेचे चरे. राखेचे हा शब्द नको होता.

महाजन उभेच होते. म्हणाले, "ज्याचं असेल त्याला अवघड वाटायचं कारण नाही. आमच्या नानांची कवळी रोज पंगतीत तांब्यात असते. पाहुणे तांब्या उचलतात, नाना म्हणतात, पिऊ नका, माझे दात आहेत. सगळे हसतात. नानापण."

ते हसले. मग थांबले. वाट पाहत होते असं म्हणता येईल.

मी टॅग घेतला. लिहिलं: ओळख पटली नाही. रिजेक्ट. सही केली, प्लेटला बांधला आणि लाल डब्यात टाकली.

ते "बरं" म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. मशीन चालू असताना असं होतं.

योजना: शिफ्ट संपली की डब्यातून काढून घ्यायची. नवीन तार बसवली की वापरता येईल. मग फेब्रुवारीत पुन्हा सुरुवात, जूनपर्यंत पूर्ण, आणि तेव्हा सगळं सांगायचं. थोडी मुदतवाढ, इतकंच.

९ जानेवारी, मंगळवार.

लाल डबा शिफ्ट संपायच्या आधी, दुपारी चारलाच ग्राइंडरमध्ये ओततात. कालही ओतला. हा नियम मीच केला होता, रिजेक्ट माल साचू नये म्हणून.

स्क्रूमुळे ग्राइंडरची पाती तुटली. लाइन बंद. कारण शोधून लेखी द्यायचं काम क्वालिटीचं, म्हणजे माझं. लिहिलं: बाह्य धातूचा तुकडा, उगम अज्ञात. पाती बदलायला महाजन. मशीनखाली दोन तास. बाहेर आले तेव्हा मुठीत तारेचा एक वाकडा तुकडा होता. माझ्या टेबलावर ठेवला आणि हात धुवायला गेले.

तुकडा ठेवला आहे. जाडी तीच.

१० फेब्रुवारी, शनिवार. देवपूर.

डॉक्टर म्हणाले, नवीन माप घ्यावं लागेल, नवीन प्लेट लागेल, आणि नवीन माणूस, ही तिसरी गोष्ट त्यांनी स्वतःशीच म्हटली. म्हणजे काय ते विचारलं नाही. विचारलं, पहिल्या दिवसापासून काही फरक? त्यांनी जुना साचा आणि माझं तोंड आळीपाळीने पाहिलं. "साचा कमी रागावलेला दिसतो."

व्हर्नियर नाशिकच्या एका लॅबला कॅलिब्रेशनला पाठवून दिला. अचूक मापाशिवाय पुढचं वेळापत्रक करणं अवैज्ञानिक आहे.

१२ फेब्रुवारी, सोमवार. जळगाव.

महाजन म्हणाले, "मॅडम, येत्या महिन्यात वर्ष होईल. घरचे आता थांबत नाहीत. तुमचं 'कळवते' म्हणजे नाही असं समजू का? स्पष्ट सांगितलं तर मला बरं पडेल."

मी म्हणाले, माझं वेळापत्रक जूनपर्यंत आहे.

त्यांनी विचारलं, कसलं?

तोंडात प्लेट नव्हती. सेक्शनमध्ये कोणी नव्हतं. मशीन बंद होती. सांगायला आवश्यक त्या सगळ्या अटी पूर्ण होत्या. मी म्हणाले, ते वैयक्तिक आहे.

ते म्हणाले, "बरं. नसेल तर नाही." पान्हा उचलून लाइन एककडे गेले. लाइन एकमध्ये आज काही बिघाड नव्हता.

त्यांना जून समजला असावा. जूनला फार अवकाश नाही.

१ मार्च, शुक्रवार.

महाजनांच्या साखरपुड्याचे पेढे आले. सेक्शनमध्ये सगळ्यांना एक-एक. मला त्यांनी स्वतः दिला. खाल्ला. त्यासाठी काही काढावं लागलं नाही.

२९ एप्रिल, सोमवार.

काल गिरधरचं लग्न. स्टाफबरोबर रावेरला गेले.

मुलगी यावलकडची. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, वरची रांग बरीच बाहेर. ती सगळा वेळ हसत होती. अंतरपाट धरला तेव्हा, हार घालताना टोपी पडली तेव्हा, भटजींना शिंक आली तेव्हा. तोंडावर हात न ठेवता. अंदाजे सहा मिलिमीटर. अंदाजे, कारण मोजायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि कोणी मोजतही नव्हतं.

तिने काहीतरी म्हटलं, गिरधर मान मागे टाकून हसला. मला त्याचा तो हसण्याचा प्रकार ओळखीचा आहे.

जेवणात लोटननाना शेजारी बसले. मी पाण्यासाठी हात पुढे केला तर म्हणाले, "तो तांब्या नको पोरी, माझे दात आहेत." सगळे हसले. मीपण हसले. हात वर गेला होता.

निघताना बेबाबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. डबीत एक टॉप. माझ्याच नमुन्यावरून सोनाराने केलेला. "आमच्या इथी हारपलं, आमीच देऊ. नाही म्हनू नको. घरात लग्न आहे, कोनाचं अडकून राहायला नको." मी म्हणाले, अहो, तो हरवला नव्हता. त्यांनी ऐकलं नाही. स्वतःच्या हाताने माझ्या डाव्या कानात घातला, थोडं मागे होऊन पाहिलं, समाधान झालं त्यांचं. "आता बरोबर दिसते." दारात धनीबाई उभ्या होत्या. त्यांनीही माझ्या कानाकडे पाहिलं आणि मान हलवली.

आता माझ्याकडे तीन टॉप आहेत.

जळगावला आले तर कमलबाईंनी लॅबचं पार्सल घेऊन ठेवलेलं. व्हर्नियर कापसात गुंडाळलेला, सोबत सर्टिफिकेट. स्पिरिटने पुसून आरशासमोर उभी राहिले. सात पूर्णांक चार शून्य.

सर्टिफिकेट पुन्हा वाचलं. एरर: शून्य. दुरुस्ती: काही नाही.

व्हर्नियर पहिल्या दिवसापासून बरोबर होता.